डावीकडची खुर्ची

डेंटलच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी पूनम अमडापूरला घरीच होती. सोयाबीनची सोंगणी चालू होती, वडील वामनराव शेतात गेले होते. पूनम ओट्यावर बसून मोबाईलवर पान पुन्हा पुन्हा उघडत होती. बारा वाजता ते उघडलं. बाकीचे सगळे विषय निघाले होते. फक्त एका प्रात्यक्षिकात, फँटमच्या, म्हणजे सरावाच्या रबरी पुतळ्याच्या, डोक्यात बसवलेल्या दातांना खड्डे कोरण्याच्या परीक्षेत, ती नापास झाली होती.

आई, पुष्पाबाई, पाण्याची घागर घेऊन आली आणि लेकीचं तोंड बघून थबकली.

"किती इषय गेले?"

"एक."

"एकच ना? मंग एवढं कायले रडून राह्यली?"

एक विषय म्हणजे निदान सहा महिने, हे पूनमला आईला नीट सांगता येईना. वर्गातली नव्वद मुलं बुलढाण्याला परत जाऊन तिसऱ्या वर्षाला बसणार होती, पांढरे कोट घालून खऱ्या पेशंटच्या तोंडात बघणार होती. मागे राहिलेल्यांची 'ऑड बॅच' होते. या वेळी तीत दोघंच होते, पूनम आणि नाशिकचा एक मुलगा. पंधरा दिवसांत फेरतपासणीत त्या मुलाचे चार मार्क वाढले आणि तोही वर गेला. बॅचमध्ये एकटी पूनम उरली.

हॉस्टेलवर परत आली तेव्हा तिची रूममेट गार्गी तिसऱ्या वर्षाच्या मजल्यावर सामान हलवत होती. गार्गी पुण्याची. दोन वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या होत्या, एकाच बादलीत कपडे भिजवले होते.

"बादली राहू देते गं, तुला होईल," गार्गी म्हणाली. "आणि मी येतच राहीन. एक मजला तर आहे."

पहिल्या आठवड्यात ती तीनदा आली, दुसऱ्यात एकदा. नंतर जिन्यात भेट व्हायची. गार्गी घाईत असायची. तिच्या बोलण्यात पेशंट, कोटा, पोस्टिंग हे शब्द यायचे आणि पूनमकडे त्यावर सांगण्यासारखं काही नसायचं. यात गार्गीची काही चूक नव्हती, हे पूनमला कळत होतं. त्यामुळे तिला रागही धड धरता येत नव्हता.

नापास होण्याचं कारण कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. पूनम डावरी होती. गावाकडे म्हणायचे तशी डेबरी. लहानपणी आईनं जेवणाचा आणि प्रसादाचा हात तेवढा बदलून घेतला. लिहिणं, कापणं, सुई ओवणं हे सगळं डाव्या हातानंच राहिलं. शाळेत कुणी अडवलं नाही. अडलं ते इथे. डेंटल कॉलेजातली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक यंत्र उजव्या हाताच्या माणसासाठी बनलेलं. दात कोरणाऱ्या एअरोटरची नळी उजवीकडून यायची, बसायचं स्टूल उजवीकडे, आणि डावीकडे पेशंटचं थुंकायचं भांडं. डाव्या हातात एअरोटर घेतला की नळी स्वतःच्याच पोटावरून ओढून आणावी लागे.

विभागप्रमुख सुहासिनी मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिला पाहिलं होतं.

"पूनम, आरसा डाव्या हातात, एअरोटर उजव्या. सवय कर. उद्या नोकरी करशील तिथे तुझ्यासाठी कुणी खुर्ची फिरवून ठेवणार नाही."

मॅडम कडक होत्या, पण अन्याय करणाऱ्या नव्हत्या. पूनमला त्यांचं खरं वाटलं. वर्षभर ती उजव्या हातानं कोरत राहिली. खड्ड्याच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, मनगट भरून यायचं. परीक्षेच्या दिवशी एअरोटर असा घसरला की त्याचं फिरतं टोक शेजारच्या धडधाकट दाताला लागलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भिंग लावून तो ओरखडा पाहिला आणि कागदावर लिहिलं.

आता त्या लॅबमध्ये ती रोज दहा ते चार एकटी बसायची. लोखंडी दांड्यांवर बसवलेली साठ रबरी डोकी तोंडं उघडी ठेवून रांगेनं बसलेली. पंखा एकच लावायचा, तिच्या डोक्यावरचा. सोबत असायचे ते लॅबचे टेक्निशियन कारभारीकाका, पण ते मागच्या खोलीत प्लास्टर कालवत असत आणि फार बोलत नसत.

एका दुपारी ते दारात उभे राहून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"बाई, तू खडूनं फळ्यावर कोन्त्या हातानं लिवते?"

"डाव्या."

"मंग हे उजव्या हातानं काऊन करून राह्यली?"

"नळी पोचत नाही ना काका."

कारभारीकाका आत गेले आणि पाना घेऊन आले. खाली वाकून त्यांनी जोड सोडवला, भंगारातल्या एका जुन्या युनिटची नळी काढून जोडली आणि ती खुर्चीच्या मागून फिरवून डाव्या बाजूला आणली. पाऊण तास लागला असेल.

"घे. पाहा आता."

पूनमनं डाव्या हातात एअरोटर धरला. वर्षभर ज्या दाढेशी ती भांडत होती, ती दाढ आता गुमान कोरली जात होती. कडा सरळ, तळ सपाट. तिनं आरसा खाली ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. काकांना वाटलं, नळीत काही बिघाड आहे.

"पानी येऊन राह्यलं ना बरोबर?"

"हाव काका," ती म्हणाली. "बरोबर येऊन राह्यलं."

त्याच रात्री तिनं प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. माझा प्रमुख हात डावा आहे, परीक्षेत मला डाव्या हाताची जोडणी वापरू द्यावी आणि पुढे क्लिनिकमध्येही तशी खुर्ची मिळावी. तीनदा लिहून फाडला, चौथ्यांदा दिला. सुहासिनी मॅडमनी तो वाचला आणि पुढे पाठवते म्हणाल्या.

"तुला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण काही ना काही मागेल. हे लक्षात येतंय ना तुझ्या?"

"सूट नको आहे मॅडम. परीक्षा तीच घ्या."

परीक्षेपुरती परवानगी मिळाली, कारण नळी तर आधीच जोडलेली होती आणि त्याला वेगळं काही करावं लागणार नव्हतं. फेब्रुवारीत ती पास झाली, पण बॅचमध्ये एकटीच असल्यामुळे क्लिनिकला बसायला मागचा वर्ग वर येईपर्यंत थांबावं लागलं. खुर्चीचा अर्ज मात्र कुठल्याशा फायलीत पडून राहिला.

तो बाहेर निघाला तो वरून आलेल्या परिपत्रकामुळे. कॉलेजांनी समानता आणि समावेशन समिती नेमावी आणि काय काम केलं त्याचा अहवाल तपासणीच्या वेळी दाखवावा, असं त्यात होतं. तपासणी सहा आठवड्यांवर आली होती. कार्यालयातून पूनमला बोलावणं आलं. तिचा अर्ज टेबलावर होता, त्यावर आता तीन शिक्के होते. डाव्या हातासाठी फिरवता येणारी नवी कोरी खुर्ची आली, आणि ती बसवली गेली खोली क्रमांक अकरामध्ये.

अकरा नंबर म्हणजे ओपीडीच्या हॉलच्या पलीकडे, लांब व्हरांड्याच्या टोकाला असलेली जुनी भांडारखोली. पूर्वी तिथे प्लास्टरची पोती असायची. भिंती रंगवल्या, एसी लावला, दारावर पाटी आली : 'विशेष सुविधा कक्ष'. तपासणीच्या दिवशी पाहुणे आले, पूनमला खुर्चीजवळ उभं केलं, एअरोटर हातात देऊन फोटो काढला. तो फोटो मोठा करून दर्शनी दालनात लागला. त्यात ती हसत होती. फोटो काढणाऱ्यानं हसायला सांगितलं होतं.

त्यानंतर तिचं खरं क्लिनिक सुरू झालं, आणि तिला कळलं की लॅबमधले सहा महिने बरे होते.

हॉलमध्ये तेवीस खुर्च्यांची रांग होती. तिथे मुलं एकमेकांच्या पेशंटमध्ये डोकावायची, हत्यारं उसनी मागायची, कुणाचं माप बिघडलं की सगळी मिळून हसायची. शिकवणारे डॉक्टर रांगेतून फिरत आणि जाता जाता चुका दाखवत. अकरा नंबरात कुणी जाता जाता येत नसे. तिथून पुढे कुठे जायचंच नसे. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांची सही लागायची. पूनम पेशंटला तसंच बसवून व्हरांडा ओलांडून जायची. "तू हो पुढे, मी येते," असं उत्तर मिळायचं, आणि ती परत येऊन वाट बघायची. कधी वीस मिनिटं, कधी चाळीस. पेशंट तोंडात कापूस घेऊन छताकडे बघत पडलेला.

ज्या मुलांबरोबर ती आता होती ती तिच्या मागच्या वर्गातली. तिला 'दीदी' म्हणायची आणि लांब राहायची. वाईट वागत नव्हती. फक्त 'दीदी'च्या पुढे 'जेवायला चल' असं कुणी जोडत नव्हतं. डबा ती अकरा नंबरातच खायची, एसी बंद करून, खिडकी उघडून. बाहेर गाड्या लावायची जागा होती.

एकदा एक निवृत्त गुरुजी आले. पूनमनं डाव्या हातात हत्यार घेतलं तसे ते खुर्चीत उठून बसले.

"बाई, राग मानू नका. दुसऱ्या कोनाले बलवा. डावा हात तोंडात घेनं मले बरं नाई वाटत."

तिनं दुसऱ्याला बोलावलं. केसपेपरवर 'रुग्णाने उपचार नाकारले' असं लिहिलं. त्या दिवशी रात्री आईचा फोन आला तेव्हा नेहमीसारखंच सगळं बरं आहे म्हणाली. आईनं विचारलं, "जेवली का?" ती हो म्हणाली. जेवली नव्हती.

जुलैत तिच्याकडे गोजरबाई आली. देऊळघाटची, पासष्टीच्या पुढची. एकही दात उरला नव्हता. पूर्ण कवळी बसवायची होती. कवळीला पाच खेपा लागतात : दोनदा माप, मग वरखालच्या जबड्यांचा चावा जुळवणं, मग मेणाची कवळी लावून बघणं आणि शेवटी खरी. पहिल्या खेपेला गोजरबाई आली, माप देऊन गेली, फार बोलली नाही. दुसऱ्या खेपेला मात्र खुर्चीत बसल्या बसल्या तिनं खोलीभर नजर फिरवली.

"एक इचारू का बाई? तुले इथं एकलीले काऊन बसवलं? काई चुकलं काय तुह्यं?"

"नाही आजी. मी डेबरी आहे ना, म्हणून माझी खुर्ची वेगळी आहे."

"मंग? डेबरं असनं काई लागट रोग हाये काय?"

पूनमला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं.

"तसं नाही. सोय केली माझी."

"तुही सोय केली," गोजरबाई म्हणाली, "अन् माही? मी घरी एकलीच राह्यतो. पोरगं पुन्याले, सून पुन्याले. पाच खेपा याच्या म्हनल्यावर मी खुश झाली. म्हनलं, मानसं दिसतीन, चार बाया भेटतीन. तिकडं हालमधी पाहा कशी गर्दी हाये. अन् मले इथं आनून कोंडलं. तू बोलत नाई, तो यशी घुरघुर करते. मले नाई बसाचं इथं."

आणि ती उठली. गळ्यात कागदाचं लाळेरं तसंच बांधलेलं, पायात चपला नाहीत. पूनम "आजी, आजी" करत मागे धावली. व्हरांडा ओलांडून गोजरबाई सरळ हॉलमध्ये गेली. सुहासिनी मॅडम सातव्या खुर्चीपाशी वाकून काही दाखवत होत्या.

"म्याडम, तुमी मोठ्या हाये ना इथल्या? मले हिकडं बसवा. अन् ह्या पोरीलेबी."

मॅडमनी आधी गोजरबाईकडे पाहिलं, मग मागे उभ्या पूनमकडे. हॉलमधले एअरोटर एकेक करत बंद झाले.

"पूनम, तू पेशंटला काय सांगितलंस?"

"मी काही नाही सांगितलं मॅडम."

"त्या खुर्चीसाठी मी किती खेटे घातले माहीत आहे तुला? सबंध विद्यापीठात असा कक्ष नाही. आणि तुझी तक्रार आहे?"

पूनमनं मनात इंग्रजीतलं वाक्य जुळवायला घेतलं, मग साधं शहरी मराठीतलं. दोन्ही तोंडाशी येईनात. जे आलं ते घरचं होतं. इतकी वर्षं हॉस्टेलात हसतील म्हणून दाबून ठेवलेलं.

"खुर्ची चांगली हाय मॅडम. पन मले खोली नोती पायजे. मले रांगेत बसाचं होतं. या साऱ्याइच्या संगं. तिकडं मी काय शिकतो, कोन पाह्यते? सहीसाठी चाळीस मिंट उभी राह्यतो. मले बोलाले कोनी नाई मॅडम. दिवसच्या दिवस कोनी नाई."

ती थांबली. कुणी हसलं नाही. सुहासिनी मॅडमचा चेहरा लाल झाला होता. रागानं की आणखी कशानं, ते पूनमला कळलं नाही.

"आजींना इथे सातवर बसवा," त्या म्हणाल्या. "त्यांचं माप मी घेते. तू बाजूला उभी राहून बघ. चार वाजता मला भेट."

चार वाजेपर्यंत पूनमनं मनाची तयारी केली की आता खुर्चीही जाईल. मॅडमच्या खोलीत गेली तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पण दार लोटून घेतलं.

"मी त्या अहवालात लिहिलं, विद्यार्थिनी समाधानी आहे," त्या म्हणाल्या. "तुला विचारायचं राहिलं."

त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या.

"मला खरंच वाटलं होतं की तुझं काम झालं. फोटो बघून बरं वाटायचं मला, जाता येता." मग नेहमीच्या आवाजात : "हॉलमध्ये पाण्याची लाइन खांबापर्यंतच आहे. तिथे एक खुर्ची बसते का, कारभारींना बघायला सांगितलंय. अडचण होईल. शेजारचे कुरकुर करतील. ते तुझं तुला सांभाळावं लागेल."

"सांभाळते मॅडम."

कारभारीकाकांनी टेप लावून मोजलं. खांबाला लागून जेमतेम जागा निघत होती. एका रविवारी दोन माणसं लावून त्यांनी खुर्ची व्हरांड्यातून ढकलत आणली, फरशी फोडून नळी काढली आणि रांगेत चोविसावी खुर्ची बसवली. अकरा नंबरात पुन्हा प्लास्टरची पोती गेली. पाटी काढायची मात्र बरेच दिवस राहून गेली.

अडचण झालीच. पूनम पेशंटच्या डाव्या अंगाला बसायची, आणि शेजारच्या तेविसाव्या खुर्चीवरचा विहंग त्याच्या पेशंटच्या उजव्या अंगाला. दोघांची स्टुलं एकाच बोळात आली. हलावं तर पाठीला पाठ लागायची. विहंगनं दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे तक्रार नेली की जागा पुरत नाही. मॅडम म्हणाल्या, "तिलाही पुरत नाही. दोघं मिळून बघा." आठवडाभर तो धुसफुसत राहिला. मग एका सकाळी न वळताच म्हणाला, "दीदी, मी मागे येतोय, हात सांभाळ." तिनं हात उचलून धरला. पुढे ते रोजचंच झालं. तीही म्हणायची, "सरकते हं." एवढंच बोलणं, दिवसातून दहा वेळा. पहिल्या दिवशी तिनं ते मोजलं होतं.

तेवढ्यानं सगळं भरून निघालं असं नाही. गार्गी शेवटच्या वर्षाला गेली होती. एकदा हॉलमधून जाताना "अगं, तू इथे आलीस?" म्हणून थांबली, खांद्यावर हात ठेवला आणि हाक आली म्हणून गेली. संध्याकाळी खोली पूर्वीसारखीच रिकामी असायची. जी मैत्री दुसऱ्या वर्षात सुटली होती ती खुर्ची हलवून परत येण्यासारखी नव्हती. पूनमनं ते मान्य केलं, पण सवय काही झाली नाही.

गोजरबाईची कवळी ऑगस्टच्या शेवटी तयार झाली. चोविसाव्या खुर्चीत बसून तिनं ती लावली, आरशात पाहिलं आणि बराच वेळ तोंड मिटून उघडून बघत राहिली. तोवर शेजारच्या तीन पेशंटबायकांशी तिची ओळख झाली होती. त्याही वाकून बघत होत्या.

"आता पुन्हा कधी याचं?" तिनं विचारलं. नव्या दातांमुळे शब्द जड येत होते.

"तीन दिवसांनी, हिरडीला टोचलं तर."

"अन् नाई टोचलं तं?"

पूनमनं केसपेपरवर तारीख लिहिली.

"तरीबी या," ती म्हणाली.

सप्टेंबरात दुसऱ्या वर्षाचे नवे विद्यार्थी फँटम लॅबमध्ये आले. पूनम मागच्या खोलीत कारभारीकाकांकडून प्लास्टरचा एक साचा घ्यायला गेली होती. दार अर्धं उघडं होतं. पलीकडे सुहासिनी मॅडम पहिला डेमो देणार होत्या. सगळे ॲप्रन घालून उभे होते.

"सुरू करण्याआधी एक विचारते," मॅडम म्हणाल्या. "डाव्या हातानं कोण लिहितं?"

कुणी हललं नाही. मॅडम थांबून राहिल्या. मग एका मुलीनं हात वर केला, अर्धाच. तिच्यामागून एका मुलानं. मग पार मागच्या ओळीतून आणखी एक हात आला.

"तिघं. छान. कारभारी, यांच्या नळ्या आजच फिरवून घ्या. आणि तिघांनी वेगवेगळ्या रांगेत बसायचं, मित्रमैत्रिणींजवळ, हवं तिथे."

पूनम दाराआड उभी होती. तिला आनंद झाला, आणि त्याच्याच पाठोपाठ काहीतरी टोचलं. तिच्या वेळी हा एक प्रश्न कुणी विचारला असता, तर ती आज वरच्या मजल्यावर गार्गीबरोबर असती. असं वाटलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली, तरी वाटायचं थांबलं नाही. त्या तीन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पहिली मुलगी हसली.

कारभारीकाका पाना शोधत आत आले. तिला बघून म्हणाले, "साचा झाला तुहा. ने. पेशंट बसवून आली ना?"

"हाव," पूनम म्हणाली, आणि साचा दोन्ही हातांत धरून हॉलकडे निघाली.